पेशंटला एकदा उभं करून बघा

मानेला हिसका बसलेल्या माणसाची आपल्याकडे जी तपासणी होते, ती जवळपास सगळी तो स्थिर असताना होते. एक्स-रे काढताना ‘हलू नका’ म्हणून बजावतात. एमआरआयच्या नळीत तर निपचित पडून राहावं लागतं. डॉक्टर मान दाबून बघतात तेव्हा तो स्टुलावर बसलेला असतो. त्याची तक्रार मात्र असते चालतानाची, वळतानाची, वर बघतानाची. फिल्म स्वच्छ येते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका,’ असं सांगून मानेचा पट्टा आणि चक्करेच्या गोळ्या हातात दिल्या जातात. घरी गेल्यावर तोच माणूस न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गावाच्या कडेनं पुणे-बंगळूर महामार्ग जातो. वर खंबाटकीचा घाट, त्याच्या अलीकडे टोलनाका. टोलच्या रांगेत, घाटाच्या उतारावर, गावाच्या तोंडाशी रंग उडालेल्या गतिरोधकावर पुढची गाडी थांबते आणि मागची थांबत नाही. मोठे अपघात बातमीत येतात. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्यांना धडक दिली, ती दृश्यं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. माझ्याकडे येणारे लोक बहुतेक बातमी न झालेल्या धडकांमधले असतात. बंपर चेपला, मागचा दिवा फुटला, रक्त कुणाला आलं नाही, थोडी वादावादी होऊन दोन्ही गाड्या आपापल्या वाटेनं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडते. पुढे काही दिवसांनी माणूस सांगायला लागतो की चालताना झोक जातोय.

‘मॅडम, जमीन मऊ लागतीया.’ ‘पायरी उतरताना पाय कुठं पडंल त्याचा भरवसा न्हाई.’ ‘डोकं अंगावर हाय का न्हाई तेच कळंना.’ ही वाक्यं मी इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली आहेत, की ते लोक एकमेकांना ओळखत नाहीत याचं नवल वाटावं. यातलं कुणीही ‘खोली गरगर फिरते’ असं म्हणत नाही. केसपेपरवर मात्र एकच शब्द उतरतो, चक्कर, आणि पुढची सगळी चाकं त्या शब्दावरून फिरतात. मग रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन बघतात, साखर बघतात. बघायलाच हवं. पण हे सगळं बरोबर निघालं, की शोध तिथंच थांबतो.

माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींच्या आधारावर. आतल्या कानातल्या नलिका आणि त्यांच्या शेजारचे इवले अवयव डोकं कुठं वळलं, कुठं कललं ते सांगतात. डोळे आजूबाजूचं जग दाखवतात. तिसरी खबर तळपायापासून मानेपर्यंतचे स्नायू आणि सांधे देतात. यात मानेचं काम वेगळंच आहे. कानाला फक्त डोक्याचं कळतं. डोकं कललं ते एकटंच कललं, की सगळं शरीरच पडायला लागलं, हा फरक कानाला ओळखता येत नाही. डोकं धडावर कुठल्या कोनात बसलंय हे मेंदूला मान सांगते, तेव्हा कुठं कानाच्या खबरीला अर्थ येतो. आपण मानेला डोक्याचा नुसता खांब समजतो. ती तोलाचं एक इंद्रियच आहे, असं मी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगते.

कवटीच्या तळाशी, केस संपतात तिथं बोट रुतवलं की आत चार जोड्या बारीक स्नायू असतात. जोर लावायला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यांचं काम मोजण्याचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी गर्भावस्थेतल्या या स्नायूंमधले ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक मोजले आणि २००१ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध केले. त्यातल्या एका स्नायूत दर ग्रॅममागे सरासरी २४२ संवेदक निघाले. खांद्या-पाठीच्या मोठ्या स्नायूंमध्ये याच्या जवळपासही आकडा जात नाही. निसर्गानं एवढी मोजमापाची साधनं जिथं कोंबून भरली आहेत, ती जागा हिसक्यानं दुखावली तर तोल बिघडणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही.

याचा पुरावाही जुना आहे. १९७७ मध्ये डच आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून एक प्रयोग केला. मानेच्या मागच्या भागात बधिर करणारं इंजेक्शन दिलं, आधी प्राण्यांना आणि मग माणसांनाही. कान शाबूत, मेंदू शाबूत, डोळे उघडे. तरी ती माणसं पाय फाकून चालायला लागली आणि एका बाजूला ओढली जायला लागली. मानेची खबर थांबली एवढंच घडलं होतं. इंजेक्शनचा अंमल ओसरला की ती बरी झाली. अपघातानंतर मात्र चुकीची खबर महिनोन्‌महिने येत राहते.

धडकेच्या क्षणी काय होतं तेही आता नीट माहीत आहे. मागून ठोकर बसली की आसन छातीला पुढं ढकलतं, डोकं जागच्या जागी राहू पाहतं. येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये दाखवून दिलं, की सेकंदाच्या दहाव्या भागात मानेचा खालचा भाग मागे मोडतो आणि त्याच वेळी वरचा भाग पुढे वाकतो. नेहमीच्या हालचालीत मान असा आकार कधी घेत नाही. डोकं मागं फेकलं जातं ते त्यानंतर. म्हणजे सांध्यांच्या पिशव्या, बारीक स्नायू यांना इजा होते ती हाडाला काही होण्याच्या आधी, आणि ती साध्या फिल्मवर दिसतही नाही. १९९५ मध्ये कॅनडात क्युबेकच्या तज्ज्ञ गटानं या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. त्यात हाड मोडलेलं किंवा सरकलेलं ही अगदी शेवटची, चौथी पायरी आहे. आपल्याकडे हाड शाबूत निघालं की पहिल्या तिन्ही पायऱ्या पुसल्या जातात.

आसनाला डोक्यामागे उशी असते ती यासाठीच. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना ती सक्तीची झाली. आपण मात्र ती खाली दाबून ठेवतो, काही जण तर मागं बसणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून काढूनच टाकतात. तिचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणि डोक्यामागे दोन इंचांवर असावं. आमच्या भागातल्या वडापच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्याला उशीच नसते, आणि धडक त्याला बसते ती बाजूनं.

एका वाहकाची गोष्ट सांगते. त्याचं नाव, गाव आणि गाडी सांगणार नाही. टोलच्या रांगेत उभ्या असलेल्या बसला मागून कंटेनर येऊन लागला. हा शेवटच्या बाकावर बसून हिशेब जुळवत होता. मान दुखली, पट्टा लागला, काही आठवड्यांनी दुखणं बऱ्यापैकी कमी झालं आणि तो कामावर हजर झाला. तिथं कळलं की चालत्या बसमध्ये त्याला उभंच राहता येत नाही.

वाहकाचं काम बाहेरून बघणाऱ्याला सोपं वाटतं. त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, एकात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्यात पैसे. तो आधार घेतो तो कमरेनं, बाकाच्या कडेला टेकून. मान खाली घालून यंत्र बघायचं, वर करून प्रवाशाकडे बघायचं, वळून ‘मागं कुणी राहिलंय का’ म्हणून विचारायचं आणि हे सगळं गाडी वळणावर कलत असताना. माणसाच्या तोलाची एवढी कठीण परीक्षा घेणारी कामं थोडी आहेत. हा माणूस ती परीक्षा वर्षानुवर्षं देत आला होता. आता सकाळच्या गाडीला तो एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर कोसळला आणि एका प्रवाशानं तक्रार केली, की कंडक्टर पिऊन आलाय. हा माळकरी माणूस, कधी थेंबही न घेतलेला. माझ्यासमोर हे सांगताना तो रडला. तोंडाचा वास घेऊन, डोळे बघून त्याला सोडून दिलं; पण बसून करायचं काम मागितलं तर ते मिळालं नाही, कारण कागदावर काहीच नव्हतं. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्ये ‘वयोमानानुसार झीज’. कानाची तपासणी नॉर्मल.

मी त्याला उभं केलं. पाय जुळवून, डोळे उघडे ठेवून तो ठीक उभा राहिला. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून उभं राहायला सांगितलं, तेही जमलं. मग म्हटलं, डोळे मिटा. तो लगेच बाजूला गेला, मी धरला नसता तर पडला असता. त्यानंतर त्याच्या डोक्याला पट्टा बांधून त्यावर बाजारात मिळणारा लहानसा लेझर लावला आणि भिंतीपासून नव्वद सेंटिमीटरवर बसवलं. समोर वर्तुळं काढलेला कागद. लाल ठिपका मधोमध आणायचा, डोळे मिटायचे, मान उजवीकडे वळवायची आणि पुन्हा मध्यावर आणून थांबायचं. ही चाचणी १९९१ मध्ये फ्रान्समधल्या रेव्हेल यांनी मांडली. धडधाकट माणूस सहसा साडेचार अंशांच्या आत परत येतो, म्हणजे कागदावर सुमारे सात सेंटिमीटर. याचा ठिपका कागदाच्या कडेवर जाऊन थांबला. ‘आला का मध्यावर?’ विचारलं तर म्हणाला, ‘बरोब्बर आलोय.’ डोळे उघडून त्यानं ठिपका पाहिला आणि कितीतरी वेळ तो त्या भिंतीकडेच बघत राहिला.

शेवटी डोळे तपासले. डोकं सरळ ठेवून माझ्या बोटामागे त्याची नजर छान सरकत होती. मग फिरत्या खुर्चीवर धड वळवलं आणि डोकं समोरच धरून ठेवलं, म्हणजे कान जागेवर, फक्त मान पिळलेली. आता तेच डोळे अडखळत, उड्या मारत बोटाचा पाठलाग करायला लागले. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मानेच्या अशा दुखापतीतच ही चाचणी वापरून दाखवली. या सगळ्याला मला अर्धा तासही लागला नाही. खर्च लेझरचा आणि कागदाचा.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण असतं तर मी वर्तमानपत्रात लिहायला धजले नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ज्युलिया ट्रेलेव्हन, ग्वेंडोलेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा दुखापतीचा त्रास रेंगाळलेले १०२ लोक आणि ४४ निरोगी लोक यांची तुलना केली. मान उजवीकडे वळवून परत आणताना निरोगी लोक सरासरी अडीच अंशांनी चुकले, तर तोल जाण्याची तक्रार असलेले साडेचार अंशांनी. ज्यांची मान दुखत होती पण तोल जात नव्हता ते या दोघांच्या मध्ये होते. ही चूक कुणी मुद्दाम करू शकेल असं म्हणणाऱ्यानं एकदा डोळे मिटून स्वतः करून बघावी.

आता गोळ्यांबद्दल. मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती इथं. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या कानाच्या तीव्र गरगरीत, उलट्या थांबेनात अशा वेळी दोन-चार दिवस देण्यासाठी चांगल्या आहेत. त्या तोलाच्या यंत्रणेला गुंगवून शांत करतात. पण मेंदूला नवी जुळवाजुळव करायची असेल तर चुकीची जाणीव त्याच्यापर्यंत पोचावी लागते. ती दाबून ठेवली तर शिकणारच काय? माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत या गोळ्यांच्या पाकिटांची चळत असते, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, जुन्याच चिठ्ठीवर घेतलेली. वयस्क माणसांत या गोळ्या फार काळ चालल्या तर हात थरथरणं, चालणं आखडणं असा कंपवातासारखा त्रास होऊ शकतो. म्हणजे तोल सुधारण्यासाठी घेतलेल्या गोळीनं तोल आणखी बिघडतो. बीटाहिस्टिनचं तर मला कोडंच पडतं. मेनिएर नावाच्या कानाच्या आजारात प्रामुख्यानं वापरायची ही गोळी मानेच्या हिसक्यावर महिनोन्‌महिने चालू असते. कुणी आपणहून एकदम गोळ्या बंद करू नयेत. पण ‘डॉक्टर, या कधी थांबवायच्या?’ हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा.

पट्ट्याचंही तेच. हाड मोडलेलं किंवा सरकलेलं असेल तर पट्टा जीव वाचवतो. ते नसेल तर तो लवकरात लवकर निघायला हवा, असं क्युबेकच्या गटानं १९९५ मध्येच सांगितलं होतं. पट्ट्यात मान हलत नाही, आणि न हलणाऱ्या मानेतून मेंदूला काही खबर येत नाही. आमच्याकडे लोक पट्टा लावून लग्नाला जातात, शेतावर जातात, मोटारसायकल चालवतात. पट्टा असेपर्यंत घरचे त्याला आजारी मानतात, हेही एक कारण आहे. तो काढला की ‘बरा झालास, लाग कामाला’.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अपघातानंतरचा प्रत्येक झोक मानेतून येत नाही. कानातले बारीक खडे सुटून नलिकेत गेले, तर कूस बदलताना किंवा उठताना काही सेकंद खोली फिरते. ते डिक्स-हॉलपाइक चाचणीनं ओळखता येतं आणि एपली पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून अनेकदा त्याच बैठकीत बरं होतं. मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. सगळ्यात भीतीचं म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटणं. मानेत किंवा डोक्यात कधी नव्हतं असं दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, जीभ जड झाली, घोट गिळवत नाही, चेहरा किंवा हात बधिर, उभ्या उभ्या माणूस कोसळतो, यातलं काहीही झालं तर फिजिओकडे नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, आणि त्याच क्षणी. मानेचं कारण ठरवायचं ते हे सगळं वगळल्यावरच. त्याची खात्री देणारी एक अशी चाचणी नाही. म्हणून तर पेशंटला नीट बघायला हवं. आणखी एक. केस कापून झाल्यावर न्हावी मान दोन्हीकडे झटक्यानं मोडून देतात, त्यानं बरं वाटतं म्हणतात. मानेला हिसका बसलेल्या माणसानं तिथं मान देऊ नये. गावोगावच्या मणके बसवणाऱ्यांकडेही नाही.

यावर एक आक्षेप मला डॉक्टर मित्रांकडून नेहमी ऐकू येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिथुआनियातला एक अभ्यास आला. तिथं अशा दुखापतीसाठी विम्याची भरपाई मागायची पद्धतच नव्हती. मागून धडक बसलेल्या २०२ जणांना एक ते तीन वर्षांनी विचारलं, तर त्यांची दुखणी इतर लोकांपेक्षा फार वेगळी निघाली नाहीत. म्हणजे पैशाची आशा हाच आजार, असं त्यातून सुचवलं जातं. या अभ्यासाची मला कदर आहे. भीती दाखवून आणि दाव्याच्या नादी लावून माणूस लवकर बरा होत नाही, हे मीही रोज बघते. पण तो अभ्यास प्रश्नावलीवर चालला, भर होता मानदुखी आणि डोकेदुखीवर. कुणाला डोळे मिटून उभं केलेलं नव्हतं. आणि बहुतेक लोक आपोआप बरे होतात हे खरं असलं, तरी सगळेच होत नाहीत. २००८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहणाऱ्या तज्ज्ञ गटाला आढळलं, की निम्म्याच्या आसपास लोक वर्षानंतरही मानेची काही ना काही तक्रार सांगतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांनी पोलिसांत नोंदसुद्धा केलेली नसते. समोरच्या गाडीचा नंबर त्यांना माहीत नसतो. त्यांना कुठल्या पैशाची आशा असणार?

बायकांच्या वाट्याला याहून कडू येतं. एक अंगणवाडी सेविका वडापमध्ये मागं बसली असताना जीपला ठोकर बसली. त्यानंतर तिला दोरीवर कपडे वाळत घालता येईनात, कारण वर बघितलं की मागं तोल जायचा. वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. आठवडी बाजारात माणसं इकडून तिकडं हलताना दिसली की पाय लटपटायचे. न्हाणीत ती दाराची कडी न लावता बसायची. सासूबाई म्हणायच्या, काम टाळते. नवरा समजूतदार, पण ‘रिपोर्टात काही नाही म्हणतात’ यापुढे त्याचीही गाडी जाईना. मी त्याला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर तिला टाचेला अंगठा जुळवून डोळे मिटायला सांगितलं. ती कलली तेव्हा त्यानंच धरलं. त्याच्या तोंडून ‘अगं’ एवढंच निघालं. दुसऱ्या दिवसापासून दोरी खाली बांधली गेली. तेव्हापासून मी घरचं एक माणूस तपासणीच्या वेळी आत घेतेच. पेशंटवर विश्वास बसणं हा उपचाराचाच भाग आहे.

व्यायाम अवघड नाहीत, चिकाटी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोळे, डोकं आणि शरीर यांच्या हालचालींची जी मालिका तयार केली, तिचंच घराणं आज पुढं चालू आहे. त्यात मानेसाठीची भर आहे: लेझरचा ठिपका भिंतीवरच्या आकृतीवरून फिरवणं, डोळे मिटून मध्यावर परत येणं, हनुवटी हळूच आत घेऊन मानेच्या आतल्या स्नायूंना जागं करणं, अंगठ्यावर नजर रोखून डोकं डावी-उजवीकडे हलवणं. मग फरशीच्या रेघेवरून चालणं, आधी समोर बघत, नंतर मान वळवत. दुखणं वाढवून काही करायचं नाही. आमच्याकडे शेवटचा धडा असतो शेताच्या बांधावरून चालण्याचा, कारण कितीतरी जणांना खरी भीती तिथलीच वाटते. तो वाहक काही महिन्यांनी पुन्हा उभ्यानं तिकिटं द्यायला लागला. अंगणवाडीतल्या ताईंना अजून गर्दीत त्रास होतो. सगळे पूर्ण बरे होतात असं मी सांगणार नाही. जे उशिरा येतात त्यांना जास्त वेळ लागतो, एवढं मात्र वारंवार दिसतं, आणि उशीर होतो तो नॉर्मल रिपोर्टवर समाधान मानल्यामुळे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या ओपीडीची रांग मी पाहिली आहे, वेळ किती असतो तेही ठाऊक आहे. तरी मान दुखते म्हणणाऱ्या अपघातग्रस्ताला, हाड शाबूत आहे याची खात्री झाल्यावर, खुर्चीतून उठवा. पाय जुळवून उभं करा, डोळे मिटवा, शेजारी उभे राहा. फरशीच्या रेघेवरून चार पावलं चालवा. कोलमडला तर केसपेपरवर तसं लिहा आणि पुढं पाठवा. याला कुठलंच यंत्र लागत नाही. ज्या आस्थापनांत लोक चालत्या गाडीत, शिडीवर, उंचावर काम करतात, तिथं अपघातानंतर रुजू करून घेताना एवढीच तपासणी व्हावी, आणि त्यात नापास झालेल्याला काही महिने बसून करायचं काम द्यावं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केलं आहे, की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती बुडाली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या माणसाचा व्यवसाय काय, तो आता काय करू शकतो आणि काय नाही, हे न्यायाधिकरणानं पाहायचं. वाहक, गवंडी, वायरमन, नारळाच्या झाडावर चढणारा, यांचा तोल गेला तर त्यांची रोजी गेली. पण प्रमाणपत्रात टक्के येतात ते हाडाचे आणि सांध्यांच्या हालचालीचे. मान सगळीकडे वळते म्हटल्यावर रकाना कोरा राहतो. तोल किती सेकंद टिकला, ठिपका किती अंशांनी चुकला, कुठलं काम करताना पडला, हे आकडे त्या रकान्यात यायला हवेत. ते मोजता येतात, पुन्हा मोजता येतात, दुसऱ्या तपासणाऱ्यालाही ताडून बघता येतात. मी माझ्या प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवसापासूनची अशी नोंद तारखा घालून, सही करून देते, त्यानं दावा केलेला असो वा नसो. साक्षीला बोलावलं तर लेझर आणि कागद घेऊन जायची माझी तयारी आहे.